दुर्बिणीच्या ऑपरेशनांचे निकाल लोकांसमोर मांडा

कळव्यात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला एक प्रश्न सतत ऐकू येतो. "डॉक्टर, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. दुर्बिणीतून काढायचं म्हणतात. कुठं करू?" विचारणारा विटाव्याचा रिक्षाचालक असतो, दिघ्यात भाड्याच्या खोलीत राहणारी कामगार बाई असते, पारसिकनगरातले निवृत्त बँक अधिकारी असतात. कळव्याहून खाडी ओलांडली की ठाणे, विटाव्याच्या पुलाखालून पुढे गेलं की नवी मुंबई, आणि दोन्हीकडे मिळून रुग्णालयं भरपूर. मी त्यांना एखाद्या सर्जनचं नाव सांगतो, कारण त्या सर्जनचे रुग्ण मी नंतर पाहिलेले असतात. पण ते माझं एकट्याचं मत झालं. या दोन शहरांतल्या कोणत्या रुग्णालयात वर्षभरात अशी किती ऑपरेशनं झाली, त्यांतल्या कितीजणांना महिन्याच्या आत परत दाखल व्हावं लागलं, कितीजणांचं पोट पुन्हा उघडावं लागलं, हे सांगणारा एकही कागद मी त्यांच्या हातात ठेवू शकत नाही.

हा कागद असायला हवा, तो कुणालाही वाचता यायला हवा, आणि त्याची सुरुवात महापालिकांच्या रुग्णालयांनी आणि सरकारी योजनेच्या पैशावर ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांनी करायला हवी, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी दुर्बिणीच्या विरोधात नाही. जर्मनीत १९८० मध्ये कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जननी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. १९८५ मध्ये तिथेच एरिख म्यूहे यांनी पित्ताशय काढलं, त्यांचंही तेच झालं. आणि भारतात हे पहिलं ऑपरेशन १९९० मध्ये डॉ. टेहेम्टन उदवाडिया यांनी केलं, ते भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी दवाखान्यात, गोरगरिबांच्या खाटेवर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोटावर वीतभर चीर घेतलेला हमाल महिना दीड महिना वजन उचलू शकत नाही. चार छिद्रांवर सुटलेला माणूस बहुधा आठ-पंधरा दिवसांत कामावर जातो. ज्याच्या घरात रोज कमवून रोज चूल पेटते, त्याच्यासाठी हा फरक औषधापेक्षा मोठा. जखम पिकण्याचं प्रमाण कमी, चिरेतून पुढे होणारा हर्निया कमी, पोटात आतडी एकमेकांना चिकटणंही कमी. पोटाच्या क्षयाचं निदान अडलेलं असतं तेव्हा दुर्बीण घालून तुकडा काढता येतो आणि महिनोन्‌महिने अंदाजाने गोळ्या खाणं वाचतं. हे सगळं सिद्ध झालेलं आहे, आणि म्हणूनच ते कळव्या-दिघ्यातल्या माणसालाही नीट मिळालं पाहिजे.

नीट म्हणजे काय, इथे अडचण सुरू होते. घोडबंदर रोडने किंवा पाम बीच रोडने जाताना फलक दिसतात: लहान छिद्र, कमी वेदना, दुसऱ्या दिवशी घरी. यात खोटं काही नाही. पण हे सगळं पहिल्या दोन दिवसांचं वर्णन आहे. तिसऱ्या दिवसानंतरचा रुग्ण माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात येतो. कुणाचा खांदा दुखत असतो आणि त्याला हार्ट अटॅकची भीती वाटत असते. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल चिडतं म्हणून ते दुखणं खांद्यात जाणवतं, दोन-तीन दिवसांत जातं. एवढं समजावलं की काम भागतं. पण काही वेळा एखादा रुग्ण दीड महिन्याने येतो. छिद्रं भरून आलेली असतात, टाके कधीच निघालेले असतात, आणि बेंबीजवळच्या जागी लालसर गाठ येऊन पाणी झिरपत असतं. नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. हे क्षयाच्या जंतूच्या कुळातले, पाण्यात आणि मातीत राहणारे जंतू असतात. दुर्बिणीची काही उपकरणं वाफेच्या दाबाखाली उकळता येत नाहीत, म्हणून ती रसायनात बुडवून ठेवतात. बुडवण्याचा वेळ पुरा झाला नाही, सांध्यांत रक्ताचा अंश राहिला किंवा नंतर नळाच्या साध्या पाण्याने धुतलं, की ते जंतू छिद्रातून आत जातात. उपचार कित्येक महिने चालतात, कधी पुन्हा कापून स्वच्छ करावं लागतं. ज्या रुग्णालयाने ऑपरेशन केलं, त्याच्या दप्तरात मात्र हा रुग्ण दुसऱ्या दिवशी हसत घरी गेलेला असतो. एकाच ऑपरेशन थिएटरमधून असे चार रुग्ण बाहेर पडले आणि ते चार वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले, तर त्यांच्यातला धागा कुणाच्याच लक्षात येणार नाही. मोजणी नसेल तर धुण्याची पद्धत बदलणारही नाही.

दुसरं उदाहरण याहून गंभीर आहे. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं जातं, त्याचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो. बहुतेकदा त्यात जुनी सूज एवढंच लिहिलेलं असतं. पण गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण देशातल्या इतर भागांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि दिघा, तुर्भे, रबाळे या पट्ट्यात उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली हजारो कुटुंबं राहतात. खडे म्हणून काढलेल्या पित्ताशयात कधीतरी कॅन्सर निघतो. अशा वेळी पुढचं ऑपरेशन वेळेत झालं तर माणूस वाचू शकतो. तो रिपोर्ट कुणी घेऊन गेलं का, रुग्णाला फोन झाला का, पित्ताशय बाहेर काढताना पिशवीत घालून काढलं होतं का, या गोष्टी निकालाचाच भाग आहेत. टाके किती लहान होते हे त्यापुढे गौण आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो: दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडण्याचा निर्णय.

पित्ताशयाच्या ऑपरेशनात सगळ्यात भयंकर इजा म्हणजे यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कापली जाणं. जुन्या, पोट उघडून करायच्या पद्धतीत हे हजारात एक-दोन वेळा व्हायचं. दुर्बीण आल्यावर जगभर हे प्रमाण हजारात तीन ते पाचवर गेलं. पुढे शिकवण सुधारली तशा काही देशांच्या नोंदींत ते पुन्हा खाली आलं. अशी इजा झालेल्या माणसाला कावीळ होते, पोटात पित्त साठतं, आतड्याचा भाग वर आणून नलिकेला जोडायचं मोठं ऑपरेशन लागतं आणि पुढे वर्षानुवर्षं ती जोडणी आकसण्याची टांगती तलवार राहते. एक साधं ऑपरेशन करून आठ दिवसांत रिक्षावर बसणारा माणूस आयुष्यभराचा रुग्ण होतो.

ही इजा बहुतेकदा हात थरथरल्यामुळे होत नाही. सुजलेल्या, चिकटलेल्या भागात सर्जनच्या डोळ्यांना मुख्य नलिका हीच पित्ताशयाची नलिका वाटते, आणि तो पूर्ण खात्रीने चुकीची नलिका कापतो. म्हणूनच अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये एक नियम मांडला, जो आज जगभर शिकवला जातो: चरबी आणि पडदे पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी, त्याची नलिका आणि त्याची रक्तवाहिनी, शिरताना दिसल्या तरच कात्री लावा. हे दृश्य मिळत नसेल तर थांबा. पित्ताशयाचा थोडा भाग तसाच ठेवून बाहेर पडा, अनुभवी सहकाऱ्याला बोलवा, किंवा पोट उघडा.

थांबण्याचा हा निर्णय शास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. आपल्या बाजारात मात्र तो अपयश ठरतो. नातेवाइकांना सांगितलेलं असतं 'दुर्बिणीतून होईल'. पॅकेज ठरलेलं असतं. मेडिक्लेमची मंजुरी त्याच नावाने आलेली असते. सर्जन थिएटरबाहेर येऊन म्हणाला, "ओपन करावं लागलं," की समोरच्या चेहऱ्यावरचा विश्वास उडतो. "नवीन डॉक्टर होता का?" हा प्रश्न मी रुग्णांच्या घरच्यांकडून ऐकलेला आहे, तोही अशा ऑपरेशनबद्दल जिथे सर्जनने त्यांच्या माणसाचा जीव वाचवला होता. मग बिल वाढतं, खाटेचे दिवस वाढतात, भांडण होतं. या सगळ्याचं ओझं थिएटरमध्ये कात्री हातात असलेल्या माणसाच्या मनावर नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. लहान छिद्र विकायला लागलं की छिद्र मोठं करणं महाग पडतं, आणि त्याची किंमत शेवटी पित्तनलिका मोजते.

म्हणून उघडण्याचं प्रमाण जाहीर व्हायला हवं, आणि सोबत कारणही. शंभरात पाच-सहा वेळा पोट उघडणारा सर्जन कदाचित सगळ्यात अवघड रुग्ण घेणारा आणि सगळ्यात सावध सर्जन असेल. कधीच उघडत नाही असा दावा करणाऱ्याला मी तरी आणखी चार प्रश्न विचारीन. लोकांना हे कळायला हवं, आणि ते कळण्यासाठी आकडा आणि त्याचा अर्थ दोन्ही समोर असायला हवेत.

लहान छिद्र म्हणजे आपोआप चांगला निकाल, ही समजूत मोजणीनेच कशी तपासली गेली ते पाहण्यासारखं आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने रोग उलटण्याचं प्रमाण वाढेल अशी भीती होती. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की तसं होत नाही, आणि त्यानंतरच ती पद्धत निर्धास्तपणे पसरली. उलट, स्वादुपिंडाचं डोकं काढायचं अवघड ऑपरेशन दुर्बिणीतून करणारी नेदरलँड्समधली चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९ मध्ये तिचे निकाल आले: नव्वद दिवसांत गुंतागुंतीमुळे दगावलेले दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५, उघड्या ऑपरेशनच्या गटात ४९ पैकी १. तिथले सर्जन त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेले होते. सर्जन यंत्राच्या हातांनी दुर्बिणीचं ऑपरेशन करतो, त्या रोबोटचंही मोजूनच पाहावं लागलं. गुदाशयाच्या कॅन्सरवर २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटच्या गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के होतं, आणि हा फरक योगायोग नाही असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. आपल्याकडे रोबोटच्या जाहिराती मात्र या प्रश्नाला हातही लावत नाहीत.

निकाल म्हणजे रुग्ण ज्या त्रासासाठी आला तो गेला का, हेही आहे. नेदरलँड्समध्येच पित्तखडे आणि पोटदुखी असलेल्या हजाराहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. ऑपरेशन नेहमीच्या पद्धतीने ठरवा किंवा कडक निकष लावून निवडक लोकांचंच करा, वर्षभरानंतर दोन्ही गटांत साधारण चाळीस टक्के लोकांचं पोट दुखतच होतं. कारण प्रत्येक पोटदुखी खड्यांची नसते. ॲसिडिटी असते, आतड्यांची तक्रार असते. आणि हेल्थ चेकअपच्या सोनोग्राफीत सापडलेले, कसलाच त्रास न देणारे खडे तर बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत.

इथे माझ्याच मागणीतला एक धोका उघड होतो, आणि तो मला मान्य आहे. नुसते निकाल मोजले तर सगळ्यात उत्तम आकडे त्या रुग्णालयाचे येतील जे गरज नसलेल्या, सूज नसलेल्या, सोप्या पित्ताशयांवर ऑपरेशन करतं. म्हणून ऑपरेशन का केलं हे निकालाच्या शेजारीच लिहिलेलं हवं: कळा येत होत्या, सूज आली होती, स्वादुपिंडाला सूज आली होती, की खडे नुसते दिसले होते. हा एक रकाना नसेल तर बाकीचा तक्ता फसवा ठरेल.

सर्जन मित्रांचे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला: आकडे जाहीर झाले की अवघड रुग्ण कुणी घेणार नाही. ही भीती खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९०च्या दशकात बायपासचे निकाल सर्जनच्या नावानिशी छापायला लागले तेव्हा हीच तक्रार झाली. म्हणून रुग्णाचं वय, मधुमेह, आजाराची तीव्रता धरूनच तुलना करावी, आणि सुरुवातीला नाव सर्जनचं नको, रुग्णालयाचं असावं. दुसरा आक्षेप: छोट्या रुग्णालयात आकडेच इतके कमी की त्यावरून काही ठरत नाही. हेही खरं. जी इजा हजारात चारदा होते ती वर्षाला शंभर ऑपरेशनं करणाऱ्याच्या हातून दोन-तीन वर्षं कदाचित होणारही नाही, आणि म्हणून तो निर्दोष ठरत नाही. एकदा झाली म्हणून तो वाईटही ठरत नाही. ती इजा साऱ्या जिल्ह्याची मिळून मोजावी. एकेका रुग्णालयाचं मात्र वारंवार घडणारं मोजावं: तीस दिवसांत पुन्हा दाखल, पुन्हा ऑपरेशन, छिद्राजवळचा संसर्ग, पोट उघडावं लागणं, तपासणीचा रिपोर्ट रुग्णापर्यंत पोचणं. तीन वर्षांची सरासरी धरली की छोट्यांवरही अन्याय होत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे: लोक आकडा घेऊन मारायला येतील. डॉक्टरांवर हात उचलला जातो हे मी नाकारत नाही, त्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये कायदा करावा लागला. पण माझा अनुभव असा की राग अंधारात जास्त वाढतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्याचा दुर्बिणीशी काहीही संबंध नव्हता, अनेकजण अत्यवस्थ अवस्थेत आलेले होते. पण नेहमीच्या दिवशी तिथे किती गंभीर रुग्ण येतात आणि किती जातात, हे आमच्यापैकी बहुतेकांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं. एरवीचे आकडे लोकांना ठाऊक असते तर त्या दिवसाचं गांभीर्यही नेमकं कळलं असतं आणि अफवाही कमी उठल्या असत्या.

आणि हे अशक्य नाही. स्वीडनमध्ये २००५ पासून पित्ताशयाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. देशातली जवळजवळ सगळी ऑपरेशनं तिच्यात येतात आणि तीस दिवसांनंतर रुग्णाचं काय झालं तेही लिहिलं जातं. आपल्याकडे कायद्याचा पायाही आहे. २०२१ मध्ये बदललेल्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दर सांगायला लावतो तर निकाल का नको? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च सरकार उचलतं, आणि त्या प्रत्येक दाव्याचे कागद सरकारकडे जातात. पैसे कुणाला किती दिले याची नोंद आहे. तोच रुग्ण महिन्याभरात दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला का, हे त्याच दप्तरातून शोधता येतं. सोबत एक नियम त्या योजनेनेच करावा: सकारण पोट उघडावं लागलं तर रुग्णालयाचा एक रुपयाही कापला जाऊ नये, आणि रुग्णाकडून एक रुपयाही जास्त घेतला जाऊ नये. खासगी पॅकेजमध्येही हे वाक्य ऑपरेशनआधी लिहून द्यावं. सर्जनचा हात मोकळा होण्यासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला सुचत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. कळव्याचं रुग्णालय त्यांचं आहे, वाशीचं सार्वजनिक रुग्णालय त्यांचं आहे, नेरूळ आणि ऐरोलीची रुग्णालयं त्यांची आहेत. पोटाच्या प्रत्येक ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी एका परिचारिकेने रुग्णाला मराठीत किंवा हिंदीत फोन करायचा: ताप आला का, छिद्रातून पाणी येतं का, दुसरीकडे दाखल झालात का, कामावर गेलात का, रिपोर्ट नेलात का. क्षयाच्या रुग्णांची नोंद याच महापालिका निक्षय पोर्टलवर ठेवतात, त्यांचे कर्मचारी घरी जाऊन गोळ्यांची चौकशी करतात. माणसं आणि सवय दोन्ही आहेत. या पाच प्रश्नांची उत्तरं दर सहा महिन्यांनी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका, आणि माझ्यासारख्या खासगी दवाखानेवाल्यांकडे नंतर आलेले रुग्ण कळवायला एक फॉर्म द्या. मी पहिल्या दिवसापासून भरून देईन.